एक नाव, अनेक पुंडलिक

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात, गजानन महाराज मंदिरापासून जवळच पुंडलिकनगर ही दाट लोकवस्ती आहे. रिक्षाचालक, टपालवाले, दूधवाले आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले यांच्या तोंडी हे नाव दिवसातून कितीतरी वेळा येते. याच नावाचे पोलीस ठाणे असल्याने वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवरही ते वरचेवर झळकते. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, वसाहतीचे नाव मात्र तेच राहिले.

पुंडलिक म्हटले की मराठी मनासमोर एकच चित्र उभे राहते. आईवडिलांचे पाय चेपत बसलेला मुलगा आणि त्याच्या मागे विटेवर, कटीवर हात ठेवून थांबलेला देव. हे चित्र इतके ठसठशीत आहे की, या नावाची अन्य माणसे त्याच्या सावलीत दिसेनाशी होतात. वास्तविक संगीतशास्त्र, स्वातंत्र्यलढा, साहित्य आणि राजकारण अशा परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांत वेगवेगळ्या पुंडलिकांनी आपली नाममुद्रा उमटविली आहे. मराठी चित्रपटसृष्टीच्या पहिल्या पावलांवरही हेच नाव कोरलेले आहे. नाव एक असल्यामुळे एकाचे कार्य दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ नये, यासाठी त्यांची स्वतंत्र ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

नावाचा अर्थ आणि लेखन

संस्कृतमध्ये ‘पुंडरीक’ म्हणजे पांढरे कमळ. महायान बौद्ध परंपरेतील ‘सद्धर्मपुंडरीक’ या विख्यात सूत्राच्या नावात हाच शब्द आहे आणि विष्णूच्या ‘पुंडरीकाक्ष’ या नामातही तोच आहे. मराठीत ‘र’चा ‘ल’ झाला आणि पुंडरीकाचा पुंडलिक झाला. मराठीत ‘पुंडलिक’ आणि ‘पुंडलीक’ अशी दोन्ही रूपे रूढ आहेत. इंग्रजी लिपीत तर मधला ‘अ’ कधी लिहिला जातो, कधी गळतो. त्यामुळे एकाच व्यक्तीची नोंद दोन ठिकाणी दोन प्रकारे होते, तर दोन व्यक्तींच्या नोंदी एकमेकींत मिसळतात. संगणकावर शोध घेणाऱ्यास या घोटाळ्याचा अनुभव हमखास येतो.

पंढरपूरचा पुंडलिक

या नावाचा मूळ मान अर्थातच भक्त पुंडलिकाचा. जानुदेव आणि सत्यवती यांचा हा मुलगा आरंभी आईवडिलांची हेळसांड करीत असे, असे परंपरा सांगते. काशीयात्रेच्या वाटेवर कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याने मलिन वस्त्रांतील स्त्रिया पाहिल्या. त्या आश्रम झाडून, सेवा करून निर्मळ रूपाने परत जात होत्या. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती असल्याचे कळल्यावर त्याचे डोळे उघडले. मातापित्यांची सेवा करणाऱ्या मुनींच्या दारी प्रत्यक्ष नद्या शुद्ध होण्यासाठी येत होत्या. पुंडलिक माघारी फिरला आणि सेवेत रमला. पुढे देव भेटीस आले, तेव्हा हातातले काम न सोडता त्याने मागे वीट भिरकावली आणि त्यांना थांबण्यास सांगितले. देव थांबले ते अठ्ठावीस युगे.

पंढरीच्या परंपरेत पुंडलिकाला दिलेला मान लक्षणीय आहे. वारकऱ्यांच्या जयघोषात त्याचे नाव विठ्ठलाच्याही आधी येते. चंद्रभागेत स्नान, मग वाळवंटातील पुंडलिकाचे दर्शन आणि त्यानंतर विठ्ठलाचे, असा क्रम आजही पाळला जातो. नदीच्या पात्रातील हे मंदिर पूर आला की पाण्याने वेढले जाते. पंढरपुरात पुराची चर्चा होते, तेव्हा पाणी या मंदिरापर्यंत किती चढले, हे आवर्जून विचारले जाते.

पुंडलिक ही ऐतिहासिक व्यक्ती होती काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. यादव राजा कृष्ण याच्या काळातील १२४९ च्या ताम्रपटात भीमरथीच्या काठावरील ‘पौंडरीक क्षेत्रा’चा उल्लेख आढळतो. म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या नावाने हे स्थळ ओळखले जात होते, एवढे निश्चित. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात निराळी मांडणी केली. चंद्रभागेतील हे स्थान मुळात पुंडरीकेश्वर नावाचे शैव देवस्थान असावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. माणसावरून गावाचे नाव पडले की गावावरून माणसाची कथा घडली, हा प्रश्न येथे उभा राहतो. श्रद्धेचे उत्तर वेगळे आणि संशोधनाचे वेगळे असले, तरी दोन्हींच्या केंद्रस्थानी नाव एकच आहे.

‘कादंबरी’तील तपस्वी आणि रागांचा शास्त्रकार

पंढरपूरच्या पुंडलिकाशी ज्यांचा संबंध जोडता येणार नाही, असे दोन पुंडरीक संस्कृत वाङ्मयात भेटतात. त्यांतील एक काल्पनिक, तर दुसरा इतिहासातील आहे.

सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या काळात बाणभट्टाने ‘कादंबरी’ ही गद्यकथा रचली. तिच्यातील पुंडरीक हा लक्ष्मीपुत्र तरुण तपस्वी. महाश्वेतेवरील प्रेमाने व्याकूळ होऊन तो प्राण सोडतो. पुढच्या जन्मी तो वैशंपायन होतो आणि त्यानंतरच्या जन्मी पोपट होऊन राजसभेत कथा सांगतो. याच ग्रंथाच्या नावावरून मराठीत दीर्घ कथेला ‘कादंबरी’ हा शब्द मिळाला. तेव्हा मराठी वाचक कादंबरी हाती घेतो, त्या क्षणी नकळत या पुंडरीकाच्या शेजारी जाऊन बसतो.

दुसरा पुंडरीक विठ्ठल. सोळाव्या शतकातील या संगीतशास्त्रकाराच्या नावात भक्त आणि देव दोघेही एकत्र आले आहेत. तो मूळचा कर्नाटकातील शिवगंगा परिसराचा. उत्तरेकडे आल्यावर खानदेशच्या फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला राहून त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ रचला. नंतर कछवाह राजघराण्यातील माधवसिंहाच्या आश्रयाने ‘रागमंजरी’ लिहिली. ‘रागमाला’ १५७६ मधील आहे, तर नृत्यावरील ‘नर्तननिर्णय’ अकबरासाठी लिहिला गेला. दक्षिणेत शिकलेला हा पंडित उत्तरेत रुजला. परिणामी दोन्हीकडच्या रागपद्धती त्याच्या ग्रंथांत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीताची शास्त्रीय घडी बसविताना ज्या जुन्या ग्रंथांचा धांडोळा घेतला, त्यांत पुंडरीक विठ्ठलाचे ग्रंथ महत्त्वाचे होते. पंढरीच्या पुंडलिकाचे अभंग गाणाऱ्या किती गायकांना या दुसऱ्या पुंडरीकाचे ऋण ठाऊक असेल?

पडद्यावरचा पुंडलिक

१८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘श्री पुंडलिक’ हा मूकपट झळकला. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांनी तो तयार केला. रामराव कीर्तिकर यांच्या नाटकाचे चित्रीकरण मंगळदास वाडीत करण्यात आले. नानासाहेब चित्रे हे तोरणे यांचे सहकारी होते. याच चित्रपटगृहात पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

भारतीय चित्रपटाचा जनक कोण, हा वाद येथूनच सुरू होतो. ‘श्री पुंडलिक’ सुमारे वर्षभर आधीचा, हे कोणी नाकारत नाही. मात्र कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून रंगमंचावरील प्रयोग टिपलेला होता, कॅमेरा चालविणारा जॉन्सन हा परदेशी होता आणि फितीवरील प्रक्रियेसाठी ती लंडनला पाठवावी लागली, हे मुद्दे फाळके यांच्या बाजूने मांडले जातात. फाळके यांनी चित्रपटासाठी स्वतंत्र कथानक रचून, स्वतः तंत्र आत्मसात करून चित्रपट निर्माण केला, हे त्यांचे श्रेय वादातीत आहे. पण नाटकाची नोंद म्हणून का होईना, मराठी माणसाने पडद्यावर आणलेली पहिली कथा पुंडलिकाची होती, हे तोरणे यांचे श्रेयही तितकेच खरे. एकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याचे नाव पुसण्याचे कारण नाही. नामसाम्य येथेही आहे. तोरणे आणि फाळके दोघेही ‘दादासाहेब’. नुसते ‘दादासाहेब’ म्हटले की श्रोत्याच्या मनात एकच नाव येते आणि दुसरे मागे पडते.

भितिहरव्याचा शिक्षक

या नावाच्या माणसांत ज्यांची आठवण सर्वांत कमी निघते, ते म्हणजे बेळगावचे पुंडलिकजी कातगडे. १९१७ मध्ये महात्मा गांधींनी बिहारच्या चंपारण्यात निळीच्या शेतकऱ्यांचा प्रश्न हाती घेतला. केवळ चौकशीने लोकांच्या मनातील भीती जाणार नाही, हे ओळखून त्यांनी खेड्यांत शाळा काढल्या. शिक्षकांसाठी त्यांनी बाहेरील कार्यकर्त्यांना हाक दिली. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या. बेळगावहून गंगाधरराव देशपांडे यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक यांना पाठविले. गांधीजींच्या आत्मचरित्रात या मंडळींचा उल्लेख आहे. त्यात सोमणांचे आडनाव आहे, पण दुसरे नाव नुसते ‘पुंडलिक’ असे येते. आडनावाअभावी कित्येक वाचकांच्या दृष्टीने हा माणूस तेथेच हरवला.

कातगडे यांच्याकडे भितिहरवा येथील शाळा सोपविण्यात आली. हे गाव आजच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात आहे. त्या भागात निळीच्या मळ्यांच्या साहेबांचा दरारा मोठा होता. साहेब दारी आला की यजमानाने बाहेर येऊन त्याच्या घोड्याचा लगाम धरायचा, अशी प्रथा होती. पुंडलिकजींनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, एमन नावाचा दबदबा असलेला साहेब शाळेकडे आला, तेव्हा त्यांनी लगाम धरण्यासाठी बाहेर जाण्यास नकार दिला. साहेबाला भेटायचे असेल तर त्याने वर्गात यावे, अशी त्यांची भूमिका होती. निर्भय होण्याचा धडा आपल्याला गांधीजींनी दिला, असे ते सांगत.

पंढरपूरची कथा माहीत असलेल्या मराठी वाचकाला येथे थबकल्याशिवाय राहवणार नाही. एका पुंडलिकाने हाती घेतलेली सेवा न सोडता देवाला थांबविले. दुसऱ्याने हाती घेतलेला वर्ग न सोडता साहेबाला थांबविले. अर्थात नाव पुंडलिक होते म्हणून हे घडले, असे मानण्याचे कारण नाही. त्या कृतीमागे एका तरुण शिक्षकाचे धैर्य होते आणि त्या धैर्याचे श्रेय त्याच्या नावाला नव्हे, तर त्याला स्वतःला दिले पाहिजे. पुढेही अनेक वर्षे ते भितिहरव्याला जात राहिले. बिहारमधील त्या गावाने त्यांची आठवण जपली. ती महाराष्ट्रात आणि सीमाभागात तितकीच जपली गेली पाहिजे.

म्हापशाचे डॉक्टर

गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातील डॉ. पुंडलिक गायतोंडे यांचा जन्म १९१३ मधील, काणकोण भागातला. वैद्यकीय शिक्षण गोव्यात आणि लिस्बनमध्ये घेऊन ते निष्णात शल्यविशारद झाले. पोर्तुगीज वंशाच्या एदिला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मायदेशी परतल्यावर त्यांनी म्हापशात वैद्यकीय सेवा सुरू केली.

१७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशात झालेल्या एका मेजवानीत एका वक्त्याने गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे उद्गार काढले. डॉ. गायतोंडे यांनी तेथल्या तेथे आपला निषेध नोंदविला. सालाझारच्या राजवटीत एवढे बोलणेही गुन्हा ठरत होते. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले. शस्त्रक्रियेसाठी त्यांची वाट पाहणारे रुग्ण तसेच राहिले. पुढच्या वर्षी हाच दिवस ‘गायतोंडे दिन’ म्हणून पाळून गोव्यात सत्याग्रह झाले. सुटकेनंतर गायतोंडे दांपत्य भारतात आले. गोव्याच्या प्रश्नासाठी त्यांनी देशात आणि परदेशांत लोकमत जागविले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि त्यानंतर तिसऱ्या लोकसभेत गोव्याचे प्रतिनिधी म्हणून नियुक्त झालेल्या दोन सदस्यांपैकी ते एक होते. १९८७ मध्ये त्यांचा गोवामुक्तीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथे घोटाळा आडनावाने होतो. केवळ ‘गायतोंडे’ म्हटले की कलाजगतात विख्यात अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची आठवण होते. डॉक्टरांची खरी ओळख पटते ती पुंडलिक या नावाने.

वळवईचे लेखक

गोव्यातीलच दुसरे पुंडलीक म्हणजे कोकणी साहित्यिक पुंडलीक नारायण नाईक. ते आपल्या नावात ‘ली’ दीर्घ लिहितात. फोंडा तालुक्यातील वळवई येथे १९५२ मध्ये जन्मलेल्या नाईक यांनी कथा, कविता, कादंबरी आणि नाटक या सर्व प्रकारांत लेखन केले. ‘चौरंग’ या नाट्यकृतीसाठी त्यांना १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७७ मध्ये आलेल्या ‘अच्छेव’ या कादंबरीत खाणकामाने एका शेतकरी गावाची आणि तेथल्या माणसांची कशी वाताहत होते, याचे दाहक चित्रण आहे. गोव्यातील खाणींवरचा वाद देशाच्या पातळीवर गाजण्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न त्यांनी साहित्यात मांडला. २००२ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. इंग्रजीत गेलेली ती पहिली कोकणी कादंबरी मानली जाते.

१९८० च्या दशकातील राजभाषा आंदोलनात त्यांनी ‘कोंकणी प्रजेचो आवाज’ या संघटनेचे नेतृत्व केले. १९८७ मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा झाला. त्यात कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्या आंदोलनाविषयी मराठी आणि कोकणी वाचकांची मते भिन्न असू शकतात. मात्र ‘अच्छेव’च्या लेखकाची थोरवी त्या मतभेदावर अवलंबून नाही.

संसदेतील दोघे

मराठवाड्यातील वाचकाला परिचित असलेले पुंडलिक म्हणजे पुंडलिक हरी दानवे. शेजारच्या जालना मतदारसंघातून ते १९७७ च्या जनता लाटेत आणि पुन्हा १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून गेले. याच मतदारसंघातून, याच पक्षातर्फे रावसाहेब दानवे १९९९ पासून सलग पाच वेळा विजयी झाले. २०२४ मध्ये त्यांचा पराभव झाला. मतदारसंघ एक, पक्ष एक, आडनावही एक. जुन्या निकालांच्या तक्त्यात नुसते ‘दानवे’ वाचणारा सहज फसतो. येथे घोटाळा निवारण्याचे काम पुंडलिक हे नावच करते.

विदर्भात पुंडलिकराव रामजी गवळी १९९६ मध्ये वाशीममधून शिवसेनेचे खासदार झाले. त्यांच्या कन्या भावना पुंडलिकराव गवळी १९९९ पासून पाच वेळा लोकसभेवर निवडून गेल्या. मराठी माणसाच्या नावाच्या मधोमध वडिलांचे नाव असते. त्यामुळे पुंडलिक हे नाव नव्या पिढीत बाळांना क्वचित ठेवले जात असले, तरी सातबारा, शाळेचा दाखला आणि मतदार यादी यांत ते मधल्या जागी टिकून आहे. आईवडिलांच्या सेवेसाठी ओळखले जाणारे नाव आज मुलांच्या नावात वडील म्हणून वावरते आहे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

पूर्ण नावाचे मोल

या सर्वांना एका सूत्रात ओवण्याचा मोह होतो. मात्र संगीताचा शास्त्रकार आणि निवडणूक लढविणारा पुढारी, म्हापशाचा शल्यविशारद आणि वळवईचा कादंबरीकार यांच्यात नावापलीकडे साम्य शोधणे हे त्या प्रत्येकावर अन्याय करणारे ठरेल. नाव आईबापांनी दिलेले असते, तर कर्तृत्व ज्याचे त्याने कमावलेले असते.

तरीही नामसाम्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. इतिहासात माणूस हरवतो तो बहुधा अर्ध्या नावामुळे. आडनाव गळाले म्हणून भितिहरव्याचा शिक्षक हरवला. पहिले नाव गळाले की म्हापशाचे डॉक्टर हरवतात. एकाच उपाधीमुळे तोरणे मागे पडतात. व्यक्तीचे संपूर्ण नाव, गाव आणि काळ लिहिणे ही केवळ कारकुनी शिस्त नव्हे. जिने काही केले, तिचे श्रेय तिलाच पोहोचविण्याची ती किमान खूण आहे.

पुंडलिकनगरच्या पाटीवर एवढे सगळे मावणार नाही. पण त्या पाटीखाली बसची वाट पाहणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाने पुंडलिक कोण, असे घरी विचारले, तर त्याला विटेची गोष्ट जरूर सांगावी. आणि ती सांगून झाल्यावर, घोड्याचा लगाम न धरणाऱ्या मास्तरांचीही सांगावी. त्या मास्तरांचे पूर्ण नाव पुंडलिकजी कातगडे.